लांब धनुष्य आणि त्यामागचे हात
मध्ययुगीन इंग्लंडच्या इतिहासातील एक अभ्यास

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत युद्धातल्या एका हत्याराविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. करुणेची शिकवण देणाऱ्या संस्थेत हत्याराचे गुणगान शोभणार नाही, आणि तो या लेखाचा हेतूही नाही. परंतु इतिहासाचा शिक्षक म्हणून मध्ययुगीन युरोप शिकवताना एक गोष्ट मला वर्षानुवर्षे जाणवत आली आहे. मध्ययुग म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर घोड्यावर स्वार झालेला, पोलादात मढलेला सरदार उभा राहतो. त्याची ढाल, त्याचे कुलचिन्ह, त्याचे शौर्य यांवर पुस्तके लिहिली गेली. त्या सरदाराला ज्याने चिखलात लोळवले, तो पायी चालणारा, रोजंदारीवर लढणारा माणूस मात्र चित्राच्या कडेलाच राहिला. त्याच्या हातात सहा फुटांचे एक लाकडी धनुष्य होते.

इंग्लंडचे हे लांब धनुष्य, म्हणजे ‘लाँगबो’, सुमारे दोनशे वर्षे युरोपच्या रणांगणांवर गाजले. त्या धनुष्याचे सामर्थ्य नेमके कशात होते, आणि ज्या सामान्य माणसांनी ते पेलले त्यांच्या पदरात काय पडले, हे दोन प्रश्न या लेखात पाहावयाचे आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक पुस्तकांत मिळते. दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

लाकूड, दोरी आणि बाण

प्रथम हे साधन समजून घेऊ. उत्तम लांब धनुष्य ‘यू’ नावाच्या सदाहरित वृक्षाच्या लाकडाचे असे. या लाकडात निसर्गानेच एक सोय करून ठेवली आहे. त्याचा आतला तांबूस गाभा दाब उत्तम सोसतो, तर सालीलगतचा फिकट थर ताण उत्तम सोसतो. कारागीर खोडातून दांडा असा काढी की दोन्ही थर त्यात एकत्र राहतील. गाभ्याची बाजू धनुर्धराकडे आणि फिकट थराची बाजू लक्ष्याकडे ठेवली जाई. निरनिराळे पदार्थ सरसाने चिकटवून धनुष्य बनवण्याची जी रीत आशियातील घोडेस्वार जमातींत होती, तिची येथे गरज नव्हती. हे धनुष्य एकाच लाकडाचे, साध्या घडणीचे आणि तुलनेने स्वस्त होते.

अशा धनुष्यांचा प्रत्यक्ष पुरावा आपल्याला समुद्राने दिला. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे युद्धनौकांपैकी एक मोठे जहाज १९ जुलै १५४५ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडाले. त्याचा सांगाडा ११ ऑक्टोबर १९८२ रोजी वर काढण्यात आला. गाळात जपून राहिलेली दीडशेहून अधिक धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण त्यातून मिळाले. ही धनुष्ये साधारण १.८७ ते २.११ मीटर लांबीची आहेत. ती पूर्ण ताणण्यासाठी सुमारे ४५ किलोपासून ८० किलोंपर्यंत जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्याकडे धान्याचे पोते पन्नास किलोचे असते. तेवढा भार दोन-तीन बोटांवर घेऊन हात कानापर्यंत खेचायचा, नेम धरायचा, सोडायचे आणि पुन्हा खेचायचे, अशी कल्पना केली म्हणजे या कामाचे स्वरूप ध्यानात येते.

बाण साधारण पाऊण मीटर लांबीचा, पॉप्लर, अ‍ॅश यांसारख्या लाकडाचा असे. मागे हंसाची पिसे आणि पुढे लोखंडी टोक. चोवीस बाणांची एक जुडी बांधली जाई. निष्णात धनुर्धर सुरुवातीच्या मिनिटात दहा-बारा बाण सोडू शके. अर्थात तो वेग फार काळ टिकत नसे, कारण स्नायू थकत आणि बाणही संपत. त्याच काळातले आडवे धनुष्य, म्हणजे क्रॉसबो, यंत्राच्या साहाय्याने ताणावे लागे आणि त्यातून मिनिटाला दोनेक बाण सुटत. मात्र क्रॉसबो चालवायला थोडक्या दिवसांत शिकता येई. लांब धनुष्याला मात्र वर्षे द्यावी लागत. या एका फरकात पुढचा बराचसा इतिहास सामावलेला आहे.

उगम : पराभूतांकडून घेतलेली विद्या

धनुष्य इंग्लंडमध्ये पूर्वापार होते. पण युद्धातील त्याचे महत्त्व इंग्रजांच्या लक्षात येण्यात वेल्सच्या लोकांचा मोठा वाटा आहे. बाराव्या शतकातील जेराल्ड ऑफ वेल्स या लेखकाने वेल्सच्या धनुर्धरांचे वर्णन करून ठेवले आहे. त्यांची धनुष्ये एल्मच्या लाकडाची, ओबडधोबड दिसणारी, परंतु त्यांचे बाण ओकच्या जाड दारातून आरपार जात, असे तो सांगतो. पहिल्या एडवर्डने १२७७ आणि १२८२-८३ च्या मोहिमांत वेल्स जिंकले, आणि त्याच वेल्सच्या माणसांना पगारी धनुर्धर म्हणून आपल्या सैन्यात घेतले. जिंकलेल्यांची विद्या जेत्याच्या कामी आली.

२२ जुलै १२९८ रोजी फॉल्कर्क येथे विल्यम वॉलेसच्या स्कॉटिश भालेकऱ्यांनी वर्तुळाकार, भाल्यांनी काटेरी झालेले व्यूह रचले होते. घोडदळाला ते फोडता येईनात. तेव्हा धनुर्धरांनी त्यांना दुरून विरळ केले आणि मग घोडदळ आत शिरले. परंतु १३१४ मध्ये बॅनकबर्नला याच इंग्रज धनुर्धरांना संरक्षण न देता उघड्यावर सोडले गेले. स्कॉटिश घोडेस्वारांनी त्यांना उधळून लावले आणि इंग्रजांचा दारुण पराभव झाला. या दोन लढायांतून इंग्रज सेनानी एक धडा शिकले. धनुर्धर एकटा लढू शकत नाही. त्याच्या बाजूला घोड्यावरून उतरून पायी उभे राहणारे चिलखतधारी सैनिक हवेत, आणि समोर खंदक, कुंपण किंवा उतार हवा. १३३२ मध्ये डप्लिन मूर आणि १३३३ मध्ये हॅलिडन हिल येथे ही रचना यशस्वी झाली. पुढे फ्रान्सवर जी कोसळली ती हीच घोटून तयार केलेली रचना होती.

कायदा, सराव आणि रोजंदारी

आता आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. जड धनुष्य एका दिवसात ताणता येत नाही. त्यासाठी लहानपणापासून शरीर घडवावे लागते. ह्यू लॅटिमर हा पुढे नामांकित धर्मोपदेशक झालेला शेतकऱ्याचा मुलगा. आपल्या वडिलांनी आपल्याला धनुष्य कसे शिकवले, हे त्याने १५४९ मध्ये राजासमोर केलेल्या प्रवचनात सांगितले होते. वय आणि ताकद वाढेल तसतसे वडील त्याला अधिकाधिक जड धनुष्य आणून देत, आणि केवळ हाताच्या जोरावर नव्हे तर सगळ्या अंगाचा भार धनुष्यात घालून बाण सोडायला शिकवत. मेरी रोझवर सापडलेल्या काही सांगाड्यांच्या खांद्यांच्या हाडांत जे बदल दिसतात, ते अशाच दीर्घकाळच्या सरावाचे असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ही विद्या अक्षरशः हाडांत उतरत असे.

हा सराव केवळ हौसेवर सोडलेला नव्हता. त्यामागे राजसत्तेचा हुकूम होता. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने पंधरा ते साठ वर्षे वयाच्या प्रत्येक पुरुषाने आपल्या ऐपतीप्रमाणे शस्त्र बाळगावे असे ठरवले. श्रीमंताने घोडा आणि चिलखत, तर अल्प मालमत्ता असलेल्याने धनुष्यबाण. १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डने आज्ञा काढली की, सणावाराच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी धनुर्विद्येचा सराव करावा. चेंडूचे खेळ, कोंबड्यांच्या झुंजी यांत वेळ दवडू नये. पुढे १५४१ च्या कायद्याने तर चोवीस वर्षे व त्यावरील पुरुषाला २२० यार्डांपेक्षा जवळच्या लक्ष्यावर सराव करण्यास मनाई केली. यावरून त्या हातांकडून केवढ्या पल्ल्याची अपेक्षा होती हे कळते.

राज्याची नजर माणसांपुरती मर्यादित नव्हती. बाणांसाठी अ‍ॅस्पेन या झाडाचे लाकूड राखून ठेवावे म्हणून पाचव्या हेन्रीच्या कारकिर्दीत लाकडी पादत्राणे बनवणाऱ्यांना ते वापरण्याची बंदी झाली. १४१७ मध्ये प्रत्येक हंसाची सहा पिसे काढून पाठवावीत, असे हुकूम निरनिराळ्या परगण्यांना सुटले. यूचे चांगले लाकूड देशात पुरेनासे झाले तेव्हा १४७२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये येणाऱ्या व्यापारी जहाजांवर, मालाच्या प्रत्येक टनामागे धनुष्याचे चार दांडे आणण्याची सक्ती केली. साधे दिसणारे हे हत्यार म्हणजे एका संपूर्ण राज्यव्यवस्थेचे उत्पादन होते.

धनुर्धराला रोजंदारी मिळे. चौदाव्या शतकाच्या मध्यावर पायी धनुर्धराला दिवसाला साधारण ३ पेन्स, घोड्यावरून प्रवास करून पायी लढणाऱ्याला ६ पेन्स, चिलखतधारी सैनिकाला १२ पेन्स आणि सरदाराला २४ पेन्स असा दर होता. वेल्सच्या पायी धनुर्धराला दोनच पेन्स मिळत. रणांगणावरची उतरंड पगारपत्रकात अशी लिहिलेली होती. तरीही त्या काळी कायद्याने मुख्य सुताराची मजुरी दिवसाला ३ पेन्स ठरवली होती, हे पाहता धनुर्धराचा पगार सामान्य माणसाला आकर्षित करण्याजोगा होता. येथे एक खुलासा आवश्यक आहे. सर्वच धनुर्धर भूदास किंवा भूमिहीन नव्हते. त्यांत लहान जमीनधारक शेतकरी आणि कारागीरही होते, आणि पंधराव्या शतकात तर बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी असलेल्या कुटुंबांतील तरुणही येत. पण कुलीन सरदारवर्गात त्यांची गणना कधीच नव्हती.

क्रेसी, १३४६

१३३७ ते १४५३ या काळात इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात जो संघर्ष चालला त्याला ‘शंभर वर्षांचे युद्ध’ म्हणतात. त्यातील पहिली मोठी भूलढाई २६ ऑगस्ट १३४६ रोजी उत्तर फ्रान्समधील क्रेसी येथे झाली. तिसऱ्या एडवर्डने आपले सैन्य उतारावर उभे केले. सरदारांना घोड्यांवरून उतरवले आणि धनुर्धरांना जागा दिली. फ्रान्सचा राजा सहावा फिलिप दिवस कलताना तेथे पोहोचला. त्याच्या सैन्यात जिनोआ येथील भाडोत्री क्रॉसबोधारी होते. ते लांबची चाल करून थकलेले, त्यात नुकताच पाऊस झालेला, आणि ज्या मोठ्या ढालींच्या आड उभे राहून ते आपले हत्यार ताणत त्या ढाली मागे सामानाच्या गाड्यांत राहिलेल्या. तशाच स्थितीत त्यांना पुढे ढकलण्यात आले. इंग्रजांच्या बाणांपुढे ते टिकेनात आणि मागे वळले.

यानंतर जे घडले ते इतिवृत्तकारांनी नोंदवून ठेवले आहे. फ्रेंच सरदारांनी मागे वळणाऱ्या आपल्याच पायदळाला फितूर ठरवले आणि त्यांना तुडवत, कापत आपले घोडे पुढे घातले. आपल्या बाजूच्या सामान्य सैनिकाविषयी त्यांच्या मनात किती तुच्छता होती, हे यातून दिसते. त्या गोंधळावर बाणांचा वर्षाव झाला. घोडे जखमी होऊन उधळले. पंधराच्या आसपास हल्ले झाले, आणि प्रत्येक हल्ला आधीच्या प्रेतांच्या ढिगावर येऊन आदळला. बोहेमियाचा अंध राजा जॉन मारला गेला, आणि फिलिप स्वतः जखमी होऊन निसटला. दोन्ही सैन्यांत सामान्य माणसे होती. इंग्रज सेनापतींनी त्यांना रचनेत जागा दिली, तर फ्रेंच सरदारांनी त्यांना घोड्यांच्या टापांखाली घातले. माझ्या मते क्रेसीच्या निकालात धनुष्याइतकाच हा फरकही महत्त्वाचा होता.

दहा वर्षांनी, १९ सप्टेंबर १३५६ रोजी, प्वातिये येथे फ्रान्सचा राजा दुसरा जॉन युद्धकैदी झाला. तेथेही धनुर्धरांचा वाटा मोठा होता.

अ‍ॅजिनकोर्ट, १४१५

पाचव्या हेन्रीला धनुष्याची ताकद आपल्या शरीरावर अनुभवायला मिळाली होती. १४०३ मध्ये श्रूजबरी येथे इंग्रजांची इंग्रजांशीच लढाई झाली, तेव्हा सोळा वर्षांच्या या राजपुत्राच्या चेहऱ्यात बाण घुसला होता, आणि जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने खास हत्यार तयार करून बाणाचे टोक बाहेर काढले होते. राजा झाल्यावर त्याने १४१५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सवर स्वारी केली. आर्फ्लर बंदराच्या वेढ्यात रक्ती हगवणीने त्याचे सैन्य पोखरले. उरलेले सैन्य घेऊन कॅलेकडे जाताना २५ ऑक्टोबर रोजी अ‍ॅजिनकोर्ट येथे संख्येने बरेच मोठे फ्रेंच सैन्य त्याला आडवे आले. हेन्रीच्या सैन्यात दर एका चिलखतधाऱ्यामागे सुमारे पाच धनुर्धर होते.

दोन्ही बाजूंना रान, मध्ये नुकतीच नांगरलेली आणि रात्रभराच्या पावसाने भिजलेली शेतजमीन. धनुर्धरांनी आपल्यापुढे टोकदार खुंट तिरपे रोवले. फ्रेंच घोडदळाचा पहिला हल्ला त्या खुंटांपुढे आणि बाणांपुढे मोडला, आणि जखमी घोडे मागे वळून आपल्याच पायी चालणाऱ्या सरदारांच्या रांगांत घुसले. जड चिलखतातले ते सरदार गुडघाभर चिखल तुडवत, बाणांपासून वाचण्यासाठी मान खाली घालून पुढे आले. अरुंद जागेत ते इतके दाटले की शस्त्र उचलायलाही अवकाश राहिला नाही. बाण संपल्यावर हलक्या वेशातल्या धनुर्धरांनी धनुष्ये टाकली आणि खुंट ठोकण्याचे मोगरे, कुऱ्हाडी, सुरे घेऊन त्यांच्यावर झडप घातली. फ्रेंच सेनापती शार्ल द’आल्ब्रे मारला गेला. ऑर्लिअन्सचा ड्यूक पकडला गेला आणि पंचवीस वर्षे इंग्लंडमध्ये कैदेत राहिला.

या विजयाची एक काळी बाजू आहे, आणि ती लपवून इतिहास शिकवता येत नाही. लढाईच्या उत्तरार्धात पुन्हा हल्ला होणार अशी भीती वाटल्यावर हेन्रीने युद्धकैद्यांना ठार करण्याची आज्ञा दिली. कैद्यांच्या सुटकेचे मोल बुडेल म्हणून ज्यांनी त्यांना पकडले होते ते तयार होईनात. तेव्हा एका अधिकाऱ्याच्या हाताखाली दोनशे धनुर्धर देऊन हे काम उरकण्यात आले, असे समकालीन इतिवृत्तकार सांगतात. जे कृत्य कुलीनांना परवडत नव्हते ते हुकमाच्या ताबेदारांकडून करवून घेतले गेले.

दंतकथा आणि मर्यादा

कीर्तीबरोबर दंतकथा येतात. फ्रेंच लोक पकडलेल्या धनुर्धरांची बोटे तोडणार आहेत, असे हेन्रीने लढाईपूर्वी आपल्या सैन्याला सांगितले, अशी नोंद इतिवृत्तांत आहे. परंतु इंग्रजांचा दोन बोटे दाखवण्याचा उद्दाम हावभाव त्या प्रसंगातून जन्मला, ही प्रचलित कथा कोणत्याही मध्ययुगीन पुराव्यावर उभी नाही. त्याचप्रमाणे लांब धनुष्याचा बाण कोणतेही चिलखत भेदत असे, हेही अतिशयोक्त आहे. साखळीचे चिलखत, हातापायांचे सांधे, शिरस्त्राणाच्या फटी आणि विशेषतः घोडे यांना बाणांचा धोका होता. पण पंधराव्या शतकातील उत्तम पोलादी छातीपट तो सहसा भेदत नसे. १४२४ मध्ये व्हर्नय येथे चिलखत घातलेल्या घोड्यांवरील इटालियन स्वार धनुर्धरांच्या फळीतून पार निघून गेले होते.

रचना मोडली की धनुर्धर असहाय होई. १८ जून १४२९ रोजी पाते येथे, जोन ऑफ आर्कच्या विजयी मोहिमेत, इंग्रज धनुर्धर खुंट रोवण्यापूर्वीच गाठले गेले. एक सांबर दिसल्यावर त्यांनी शिकारीची आरोळी ठोकली आणि शत्रूला त्यांचा ठावठिकाणा कळला, असे सांगतात. शेवटी १७ जुलै १४५३ रोजी कास्तियाँ येथे फ्रेंच तोफखान्याने इंग्रजांचे सैन्य उद्ध्वस्त केले आणि शंभर वर्षांचे युद्ध संपले. एवढ्या गाजलेल्या विजयांनंतर फ्रान्समध्ये इंग्लंडजवळ उरले ते केवळ कॅले. लढाई जिंकणे आणि युद्ध जिंकणे या भिन्न गोष्टी आहेत.

ज्यांच्या हाती धनुष्य होते त्यांना काय मिळाले

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. क्रेसीनंतर दोनच वर्षांनी, १३४८ मध्ये, इंग्लंडमध्ये प्लेगची साथ आली. माणसे मेली, मजुरांचा तुटवडा पडला, आणि जे वाचले ते अधिक मजुरी मागू लागले. १३५१ च्या मजुरांविषयीच्या कायद्याने मजुरी साथीपूर्वीच्या दरांवर गोठवली. म्हणजे क्रेसीचा विजय भोगणारी पार्लमेंट, क्रेसीला लढलेल्यांच्या मजुरीवर मर्यादा घालत होती. त्यात युद्धखर्चासाठी पंधरा वर्षांवरील प्रत्येक माणसावर सरसकट १२ पेन्स डोईपट्टी बसली. पायी धनुर्धराची ही चार दिवसांची कमाई.

१३८१ च्या जूनमध्ये केंट आणि एसेक्स परगण्यांतील शेतकरी लंडनवर चालून आले. वॉट टायलर त्यांचा पुढारी आणि जॉन बॉल त्यांचा उपदेशक. भूदासपण नष्ट करा ही त्यांची प्रमुख मागणी. एका इतिवृत्तकाराने त्यांच्या शस्त्रांची थट्टा केली आहे. कोणाकडे नुसती काठी, कोणाकडे गंजकी तलवार, तर कोणाकडे धुराने काळवंडलेले जुने धनुष्य आणि एकच बाण. पण ज्या धनुष्याची त्याने थट्टा केली, त्याच प्रकारच्या धनुष्यांनी त्याच्या राजांना कीर्ती मिळवून दिली होती.

१४ जून रोजी चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्डने माईल एन्ड येथे भूदासांना मुक्त करण्याचे वचन दिले, तशा सनदा लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्ड येथे बोलणी चालू असताना लंडनचा महापौर विल्यम वॉलवर्थ याने टायलरवर वार केला. ते पाहताच जमलेल्या शेतकऱ्यांनी धनुष्ये ताणली. इतिहासातील हा एक विलक्षण क्षण आहे. राजा त्यांच्या बाणांच्या टप्प्यात होता. पण रिचर्ड घोडा पुढे घालून त्यांच्याकडे गेला आणि आपणच तुमचा पुढारी, माझ्यामागे या, अशा अर्थाचे बोलला. त्यांनी बाण सोडले नाहीत. राजाच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. २ जुलै रोजी सर्व सनदा रद्द झाल्या. जॉन बॉलला १५ जुलै रोजी देहान्त शासन झाले.

सात वर्षांनी, १३८८ मध्ये, केंब्रिज येथे भरलेल्या पार्लमेंटने एक कायदा केला. त्याची कलमे एकत्र वाचण्यासारखी आहेत. नोकराने किंवा मजुराने अधिकृत पत्राशिवाय आपला टापू सोडू नये. ज्या मुलाने किंवा मुलीने बारा वर्षांपर्यंत नांगराचे वा शेतीचे काम केले, त्याने पुढेही तेच करावे, दुसऱ्या कारागिरीत जाऊ नये. नोकराने व मजुराने एरवी तलवार, ढाल वा खंजीर बाळगू नये. आणि याच कायद्यात पुढे म्हटले आहे की, त्यांनी धनुष्यबाण जवळ ठेवावेत, व रविवारी आणि सणांच्या दिवशी खेळ सोडून त्यांचा सराव करावा.

माणसाला गावाशी आणि कामाशी जखडून ठेवणारा, त्याचा व्यवसाय बारा वर्षांच्या वयातच कायमचा ठरवणारा, आणि त्याच्याच दंडातले बळ मात्र राजासाठी राखून ठेवणारा असा हा कायदा होता. अशा व्यवस्थेचा अर्थ या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. त्याचे कौशल्य राज्याला हवे होते; त्याचे स्वातंत्र्य नको होते.

अस्त आणि बोध

१५९५ मध्ये इंग्लंडच्या मंत्रिमंडळाने, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलने, प्रशिक्षित लोकसेनेतून धनुष्य काढून त्या जागी बंदुका देण्याचा हुकूम केला. तेव्हाची बंदूक धनुष्यापेक्षा पुष्कळ मंद होती. पण बंदूकधारी काही आठवड्यांत तयार होई, धनुर्धराला मात्र बालपणापासून घडवावे लागे. ज्या सरावावर धनुष्याची सत्ता उभी होती, तो सराव गावागावांतून ओसरला आणि हत्यारही मावळले. लांब धनुष्याचे सामर्थ्य यूच्या लाकडात होते त्याहून अधिक ते पिढ्यानपिढ्यांच्या मेहनतीत होते, हे त्याच्या अस्तानेच सिद्ध केले.

इंग्लंडमधील भूदासपणही पुढे विरत गेले, पण ते बाणाने गेले नाही. मजुरांची टंचाई, गाव सोडून जाण्याचे धैर्य, वेठीऐवजी खंड घेण्यास तयार झालेले जमीनदार, अशा अनेक कारणांनी ते पंधराव्या शतकात हळूहळू झिजले. या संदर्भात दोन नोंदी मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. १३९१ मध्ये पार्लमेंटच्या सामान्य सभागृहाने राजाकडे अर्ज केला की, भूदासांना आपली मुले शाळेत घालण्यास मनाई करावी, कारण शिकून ती वर चढतात. राजाने तो अर्ज मान्य केला नाही. १४०६ च्या कायद्याने गरिबांच्या मुलांना शहरातील कारागिरीत उमेदवारी करण्यास बंदी केली. पण त्याच कायद्यात असे कलम आले की, कोणत्याही स्थितीतील पुरुषाने वा स्त्रीने आपल्या मुलाला किंवा मुलीला राज्यातील हव्या त्या शाळेत पाठवण्यास मोकळीक असावी.

भूदासाच्या हातात धनुष्य असावे, असा कायदाच जमीनदारांच्या पार्लमेंटने केला. भूदासाच्या मुलाच्या हातात पुस्तक येऊ नये म्हणून मात्र तिने अर्ज केला. त्यांना कशाची अधिक भीती वाटत होती, हे यावरून वाचकांनी ठरवावे.

स्मिथफील्डच्या मैदानावर ताणलेली आणि न सोडलेली ती धनुष्ये मला पुनःपुन्हा आठवतात. त्या माणसांजवळ बळ होते, कौशल्य होते, संख्या होती, मागणीही न्याय्य होती. दिलेली सनद टिकेल अशी कोणतीही व्यवस्था मात्र त्यांच्या हाती नव्हती. कायदा लिहिणारे दुसरे होते, तो वाचणारे दुसरे होते, आणि तो रद्द करणारेही दुसरेच होते. आपल्या वसतिगृहात रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली बसून वाचणाऱ्या, त्यातल्या कित्येकांच्या घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या मुलामुलींनी हा धडा केवळ परीक्षेपुरता वाचू नये, एवढीच एका शिक्षकाची अपेक्षा आहे. हातातले कौशल्य पोट भरते आणि कधी कधी राजाला विजयही मिळवून देते. पण आपल्याविषयी लिहिलेला कायदा वाचता येणे, त्याला प्रश्न विचारता येणे आणि वेळ आली तर तो स्वतः लिहिता येणे, हे सामर्थ्य शाळेतूनच येते.